मासिक सभेचं इतिवृत्त

वेंगुर्ला. एप्रिलचा शेवटचा रविवार, संध्याकाळ. हजर नऊ,
दहावा वाटेत, त्याच्या स्कूटरला बॅटरी जड झालीय.
जागा तीच, खवणेकरांच्या बंद काजू कारखान्याचं गोदाम.
भिंतींना अजून टरफलाच्या तेलाचा वास,
त्यात आता डाखाचा धूर.

प्रथेप्रमाणे आधी यंत्रं. मग माणसं.

नूरुद्दीन होडेकरांनी आणलीय पितळी मोर्स-की,
तारखातं बंद झालं तेव्हा
भंगाराच्या काट्यावरून उचललेली.
तिचं बटण झिजून त्यांच्या बोटांच्या मापाचं झालंय.
ते कुणाला हात लावू देत नाहीत, आणि सगळे लावतात.

मैथिलीचा संच बिस्किटांच्या डब्यात.
पाच वॅट, डब्यावरचा राजहंस अर्धा खरवडलेला.
यावरून ती परवा मस्कतच्या एकाशी बोलली.
बापूंनी विचारलं, "काय म्हणालो तो?"
"म्हणाला, सिग्नल पाच-तीन. आणि तिकडे उकडतंय."
"मगे? हयसर काय थंड आसा?"

वेतोरकर सरांचा सेट जपानी, काळाभोर,
पडद्यावर निळा धबधबा कोसळत असतो.
त्याला आम्ही जावयासारखं वागवतो.

माझा खाऱ्या वाऱ्यानं खाल्लेला.
दोन माडांमधली तार दरवर्षी हिरवी पडते,
तांब्याला मोराचा रंग येतो आणि आवाज जातो.
मी लिंबू-मीठ लावून घासतो. बायको म्हणते,
समईला कधी लावलंत का?

मुख्य विषय.
चार महिने, रोज सात ते दहा,
चाळीस मीटरवर एक घरघर बसलीय,
तव्यावर जवळा भाजतच राहावा तशी.
तिच्याखाली कोचीन बुडालं, कोलंबो बुडालं.
ठराव: आज शोधायची.

सायकलच्या रिमांवर गुंडाळलेल्या अँटेना हातात धरून
आम्ही मांडवीच्या वाटेनं निघालो,
दर दहा पावलांवर गोल फिरत. कुत्री भुंकली.
ओट्यावरच्या म्हातारीनं विचारलं, "पाणी शोधतास?"
होडेकर म्हणाले, "नाय गो, आवाज."
"मगे तो माझ्या सुनेकडे गावतलो."

सुई थांबली रोझी सोजांच्या दारात.
खिडकीत कागदी नक्षत्र, नाताळपासून तसंच,
आत स्वस्तातला दिवा, अडॅप्टर करकरणारा.
"डॉमनिक बोटीवर आसा," ती म्हणाली.
"तो येयसर काढूचंय नाय."

नियम आमच्या बाजूनं होता.
कुणी तो काढला नाही.
मैथिलीनं खिशातून फेराइटची कडी काढली,
बाळाच्या बांगडीएवढी,
आणि वायरीचे तिच्यातून सात वेढे घेतले.
नक्षत्र विझलं नाही, लुकलुकलंसुद्धा नाही.
गोदामात मागे राहिलेले बापू हातातल्या सेटवर ओरडले,
"गेली रे, गेली! आता कायच नाय!"

परत येऊन सगळे त्या कायच-नाय भोवती बसलो,
गाळ बसलेल्या विहिरीत वाकून बघावं तसे.
खूप खाली कुणीतरी
टिंब, रेघ, टिंब,
थांबत थांबत मारत होतं.
होडेकर डोळे मिटून गुडघ्यावर बोटानं लिहीत होते.
"कोण?"
"नवा आहे. स्वतःचं नावच चुकतोय."
त्यांनी की जवळ ओढली.
मिनिटाला पंचवीस शब्दांचा हात त्यांचा;
उत्तर दिलं त्या पोराच्या चालीनं,
एकेक अक्षर, जिन्यावर धाकट्याचा हात धरावा तसं.

चहा अकरा. वर्गणी तिघांची बाकी, नावं सर्वांना ठाऊक.
रोझीबाईंनी दिलेली केळी मोजली नाहीत.
दहावा सव्वानऊला पोचला, बॅटरीसह.
पुढच्या सभेचा विषय: माडावर कोण चढणार.